सालीवरचा ढेकूण: एका चुकलेल्या ओळखीचं प्रकरण

सुरुवात एका फोटोनं झाली. एका जुन्या बागेची निगा राखणारे माळीकाका मला अधूनमधून किड्यांचे फोटो पाठवतात. त्या दिवशीच्या फोटोत मला नुसतं खोड दिसलं. राखाडी, उभ्या भेगा पडलेली साल, तिच्यावर दगडफुलाचे तीन-चार फिकट चट्टे, आणि खाली निरोप: "ताई, झाडाला ढेकूण लागलेत. वरची एक फांदी वाळली. फवारून घेऊ का?" मी फोटो मोठा केला, इकडून तिकडे सरकवला, ढेकूण काही सापडेना. मग काकांनी त्यावर लाल गोल काढून तोच फोटो परत पाठवला. गोलाच्या आत सालीचा एक खपला होता आणि नीट पाहिलं तर त्या खपल्याला सहा पाय होते.

तोवर काकांच्या पुतण्यानं फोनमधल्या एका ॲपला फोटो दाखवला होता. ॲपनं ‘हॅलिओमॉर्फा हॅलिस’ असं नाव सांगितलं. पुतण्यानं ते नाव शोधलं तर समोर आल्या फळबागांच्या नासाडीच्या बातम्या. एकीकडे वाळलेली फांदी, दुसरीकडे हे नाव; दोन्ही जोडून त्यांनी निष्कर्ष काढला आणि फवाऱ्याची टाकी बाहेर आली.

त्या फोटोवरून मीही पहिल्या क्षणी तेच नाव घेतलं असतं. तपकिरी-राखाडी ठिपकेदार अंग, पोटाच्या कडेला आलटून पालटून काळे-फिकट पट्टे, मिशांवर फिकट कडी. सगळं जुळत होतं. पण सालीसारख्या दिसणाऱ्या ढेकणाच्या रंगावर मी भरवसा ठेवत नाही. समोरच्याची नजर चुकवायची हेच त्या रंगाचं काम आहे, त्यामुळे त्याच्याकडे साक्ष मागण्यात अर्थ नसतो.

"काका, आठ दिवस द्या," मी म्हटलं. "तोवर टाकी आत ठेवा."

"आणि आठ दिवसांत झाड गेलं तर, ताई?"

प्रश्न रास्त होता. मोठं झाड रस शोषणाऱ्या चार-सहा ढेकणांनी आठवड्यात जात नाही, हे मला खात्रीनं सांगता आलं. फांदी कशानं वाळली हे मात्र तेव्हा मलाही सांगता येत नव्हतं.

नावातच गुंता

या प्रकरणात दोन ‘हॅलिस’ आहेत आणि बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. हॅलिस ही दुर्गंधी ढेकणांची, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या आणि छेडलं की वास सोडणाऱ्या ढेकणांची, एक प्रजाती, म्हणजे अनेक जातींचा गट. योहान फॅब्रिशिअस यांनी ती १८०३ मध्ये मांडली. हे ढेकूण खोडावर राहतात, सालीच्या रंगाचे असतात आणि दक्षिण आशियात सर्रास सापडतात. पुढे १८५५ मध्ये कार्ल स्टाल यांनी पूर्व आशियातल्या एका तपकिरी ढेकणाचं वर्णन केलं आणि त्याच्या जातीला ‘हॅलिस’ हेच नाव दिलं. १८६४ मध्ये गुस्टाव्ह मायर यांनी हॅलिओमॉर्फा ही प्रजाती उभी केली. हॅलिओमॉर्फा म्हणजे हॅलिससारखं रूप असलेला. थोडक्यात, हॅलिओमॉर्फा हॅलिस हे नावच सांगतं की हा हॅलिससारखा दिसतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या तज्ज्ञांना जे सारखेपण जाणवलं, तेच आज फोनलाही जाणवलं.

दोघांच्या वागण्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. हॅलिओमॉर्फा हॅलिस मूळचा चीन, जपान, कोरिया आणि तैवानचा. तो अमेरिकेत पोचला. पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनमध्ये १९९६ च्या सुमारास तो लोकांच्या घरांत शिरताना दिसू लागला, पण तो नेमका कोण हे ठरलं २००१ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठातले रिचर्ड होबके यांनी नमुने तपासले तेव्हा. मधली पाच वर्षं त्याला कुणी नावानं ओळखत नव्हतं. २०१० मध्ये त्यानं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या मधल्या पट्ट्यात एकट्या सफरचंदाचं सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलरचं नुकसान केलं. तेव्हापासून तिथे उलटी चूक होऊ लागली. ब्रोकिमेना नावाचे तिथलेच, खोडावर राहणारे, खडबडीत अंगाचे ढेकूण लोकांना तोच परदेशी पाहुणा वाटतात आणि मारले जातात. काकांच्या झाडावर जे घडू पाहत होतं ते याच प्रकारचं होतं.

खोडासमोर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत गेले. काकांनी फोटोच्या जागेजवळ खडूनं खूण केली होती. खुणेसमोर हातभर अंतरावर मी दहा मिनिटं उभी राहिले आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही. माझ्या शेजारी उभे राहून काका मात्र एक, दोन, तीन असं बोटानं दाखवत होते. रोजच्या नजरेला हे साधतं.

मला माझी पद्धत वापरावी लागली. सालीत सगळं काही असतं: ठिपके, खड्डे, कंगोरे, चट्टे. डावी आणि उजवी बाजू सारखी मात्र कधीच नसते. म्हणून मी रंग शोधायचं सोडलं आणि जोड्या शोधू लागले. दोन सारखे कोपरे, दोन सारखे पट्टे. तिसऱ्या मिनिटाला खडूच्या खुणेच्या वर वीतभर अंतरावर दोन बोथट कोपरे दिसले, एकमेकांचे आरशातले रूप असावेत तसे. ते त्याचे खांदे होते. एकदा खांदे दिसले की बाकीचा किडा आपोआप उमटतो, आणि आपण इतका वेळ पाहत होतो ते काय, असं वाटतं.

तो का दिसत नव्हता, याला तीन कारणं आहेत आणि ती एकमेकांवर काम करतात. पहिलं, रंग. अंगभर सुईच्या टोकाएवढे खड्डे, प्रत्येक खड्ड्यात गडद रंग, मध्ये फिकट जागा. लांबून हे सगळं मिसळून सालीचा राखाडी होतो. दुसरं, सावली. कुठल्याही वस्तूचा आकार आपल्याला तिच्या सावलीवरून कळतो. हा ढेकूण बसला की अंग सालीला टेकवतो, पोटाच्या चपट्या कडा पंखांच्या बाहेर पसरलेल्या असतात आणि त्या खालची सावली गिळून टाकतात. तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे कड. पोटाच्या कडेवर काळा, फिकट, काळा, फिकट असे पट्टे असतात. काळा पट्टा भेगेत विरतो, फिकट पट्टा सालीच्या उंचवट्यात विरतो आणि बाह्यरेषेचे तुकडे पडतात. डोळा बाह्यरेषेवरून वस्तू वेगळी करतो. रेषाच तुटली की हाती काही लागत नाही.

या तिसऱ्या गोष्टीचा पडताळा २००५ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातले इनेस कटहिल आणि त्यांचे सहकारी यांनी फार सुंदर घेतला. त्यांनी पतंगाच्या आकाराचे कागदी त्रिकोण छापले, प्रत्येकाखाली एक मेलेली अळी टाचली आणि ते ओकच्या खोडांवर लावले. काही त्रिकोणांवर गडद ठिपके कडेला भिडलेले होते, काहींवर तसेच ठिपके कडेच्या आत राखलेले होते. रंग तेच. पक्ष्यांनी आतल्या ठिपक्यांचे त्रिकोण जास्त टिपले, कडेला भिडलेल्या ठिपक्यांचे जास्त टिकले. काकांच्या झाडावरच्या ढेकणाच्या पोटाची कड पाहताना मला ते कागदी त्रिकोण आठवत होते.

मी काडीनं हलकेच टोचलं. तो उडाला नाही. तो सालीला चिकटूनच खोडाला वळसा घालून पलीकडे गेला, खार जाते तसा. मी पलीकडे गेले, तो अलीकडे आला. पिल्लांपैकी एकानं मात्र पाय सोडले आणि सरळ खाली गवतात पडलं. तिथे त्याला शोधणं शक्यच नव्हतं.

सकाळी मला चार मोठे आणि दोन पिल्लं दिसली. संध्याकाळी अंधार पडल्यावर परत गेलो आणि टॉर्च खोडाला जवळजवळ चिकटवून प्रकाश आडवा टाकला. दिवसा वरून येणाऱ्या उजेडात जी सावली ते गिळतात, ती आडव्या प्रकाशात लांबलचक बाहेर पडते. त्या रात्री त्याच खोडावर नऊ मोठे मोजले. खोडावरचे किडे पाहायचे असतील तर माझा हाच सल्ला राहील: टॉर्च समोरून मारू नका, बाजूनं मारा.

डबीत

नर की मादी हे न पाहता जो मोठा ढेकूण हाती लागला तो पारदर्शक डबीत घेतला. मारायचं कारण नव्हतं. झाकणही पारदर्शक असलं की डबी उलटी करून त्याची खालची बाजू निवांत बघता येते, आणि ओळखीसाठी लागणारं अर्धंअधिक खालीच असतं.

आधी हा ढेकूणच आहे ना, भुंगेरा नाही ना, ते पाहिलं. भुंगेऱ्याचे वरचे पंख पाठीवर सरळ एका रेषेत मिळतात. इथे पंख एकमेकांवर फुलीसारखे चढले होते, वरचा अर्धा भाग चामड्यासारखा आणि टोकाचा अर्धा पातळ, पारदर्शक. पाठीच्या मध्यावर मोठी त्रिकोणी ढाल. मिशांचे सांधे भिंगातून मोजले: पाच. या कुलाचं नाव पेंटाटोमिडी आहे, त्यातल्या ‘पेंटा’चा अर्थच पाच. म्हणजे कूल पक्कं झालं.

मग सोंड. खोडावर बसणारा तपकिरी ढेकूण दिसला की तो शिकारी तर नाही, हे सोंडेवरून ठरवायचं. मारेकरी ढेकणांची सोंड आखूड, जाड आणि धनुष्यासारखी वाकलेली असते, डोक्याखालून सुटी. दुर्गंधी ढेकणांच्या कुलातही एक शिकारी गट आहे. त्यांच्या सोंडेचा पहिला भाग जाड असतो आणि सोंड सरळ पुढे उगारता येते. काकांच्या ढेकणाची सोंड केसासारखी बारीक होती, पोटाला चिकटून मागे, मागच्या पायांच्याही पलीकडे पोचलेली. पोटाच्या मध्यावर एक उथळ पन्हाळ होती आणि सोंडेचं टोक त्या पन्हाळीत विसावलं होतं. इतकी लांब सोंड जाड सालीतून आतल्या रसापर्यंत पोचायला कामाची. म्हणजे हा झाडाचा रस पिणारा, आणि पानांवर किंवा फळांवर भटकण्यापेक्षा खोडाशीच जोडलेला.

आणि मग खांदे. संपूर्ण प्रकरणाचा निकाल इथे लागला. डोक्यामागच्या ढालीची पुढची कड भिंगाखाली आणली तेव्हा ती करवतीसारखी दिसली. लहान-मोठे, जरा वेडेवाकडे दात, डोळ्यामागून खांद्याच्या कोपऱ्यापर्यंत. डोकं लांबट, निमुळतं, आणि डोक्याच्या कडेलाही डोळ्याच्या पुढे एकेक दात. हॅलिओमॉर्फा हॅलिसची हीच कड गुळगुळीत असते, एकही दात नसतो, आणि डोकं पुढून बोथट, जवळपास चौकोनी. तो १२ ते १७ मिलिमीटरचा. हा पट्टीवर २१ भरला.

हॅलिस प्रजातीत जातींना दिलेली नावं पाहिली तर हीच कड पुन्हा पुन्हा येते. एकाचं नाव डेंटॅटस, म्हणजे दातेरी. दुसऱ्याचं सेरिजेरा, म्हणजे करवत बाळगणारा. जुन्या वर्णनकारांनी रंगाला महत्त्व दिलं नाही, दातांना दिलं. मला हे फार पटतं. ही दातेरी कड त्याला सालीच्या खडबडीत रेषेत लपवते आणि तीच कड भिंगाखाली त्याचं नाव सांगते.

पोटाच्या कडेचे पट्टे आणि मिशांवरची फिकट कडी दोघांतही असतात, आणि ॲपनं नेमकं तेवढंच पाहिलं. फोटो वरून काढलेला, दुपारच्या उन्हात, दातांच्या सावल्या पुसून गेलेल्या. ॲपला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला खांद्याचा जवळून एक फोटो हवा होता आणि तो कुणी काढला नव्हता.

डबी बंद करताना त्यानं आपलं अस्त्र वापरलं. मोठ्या ढेकणाची वासाची ग्रंथी छातीच्या खाली, मधल्या आणि मागच्या पायांच्या दरम्यान उघडते. भिंगातून ते छिद्र दिसतं आणि त्याभोवती चकाकी नसलेली, बारीक सुरकुत्यांची एक पट्टी असते. द्रव तिथे पसरतो, तिथेच थांबतो आणि हळूहळू वाफ होऊन उडतो. पुष्कळ दुर्गंधी ढेकणांच्या द्रवात ट्रायडेकेनसारखं तेलकट हायड्रोकार्बन असतं आणि त्यात डेसेनालसारखे तिखट वासाचे अल्डिहाइड मिसळलेले असतात. कोथिंबिरीच्या पानातही डेसेनाल असतं, म्हणून तो वास ओळखीचा वाटतो. बोटाला लागलेला डाग दोन दिवस पिवळट राहिला. अशा बोटानं डोळा चोळू नये, जळजळ होते.

चार सांधे

काकांचा पुतण्या कॉलेजात शिकतो आणि मन लावून पाहतो. मी मोठ्या ढेकणात गुंतले असताना त्यानं एक पिल्लू दुसऱ्या डबीत घेतलं आणि मिशांचे सांधे मोजले. "मावशी, याला चारच आहेत," तो म्हणाला. "म्हणजे हा वेगळ्या कुलातला. झाडावर दोन कीड आहेत."

त्याचा तर्क बरोबर होता, फक्त एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. ढेकणांमध्ये अळी आणि कोष नसतो. पिल्लू लहानपणापासून ढेकणासारखंच असतं आणि पाच वेळा कात टाकून मोठं होतं. दुर्गंधी ढेकणांच्या पिल्लांच्या मिशांना चारच सांधे असतात. पाचवा येतो शेवटच्या कातीनंतर. पायांच्या टोकाचंही तसंच: पिल्लाच्या पावलाला दोन भाग, मोठ्याच्या पावलाला तीन. चार सांध्यांवरून लोक हमखास त्यांना पानपाय ढेकणांच्या किंवा साल-ढेकणांच्या कुलात टाकतात. साल-ढेकूण खरोखरच चार सांध्यांचे असतात, पण ते कागदासारखे चपटे, जाड आखूड मिशांचे आणि बहुतेक बुरशीवर जगणारे असतात.

मी त्याला पिल्लाची पाठ दाखवली. पिल्लांची वासाची छिद्रं खाली नसतात, वर असतात, पोटाच्या पाठीवर मधोमध, एकाखाली एक गडद पट्ट्यांवर. पंख यायचे असतात तोवर ती पाठ उघडी असते, म्हणून तिथून वास सोडता येतो. पंख आले की पाठ झाकली जाते आणि काम छातीखालच्या ग्रंथीकडे जातं. त्यानं भिंग बराच वेळ खाली ठेवलं नाही. पंखांचे कोंब दोन्ही बाजूंना दिसत होते, म्हणजे पिल्लू शेवटच्या एक-दोन टप्प्यांतलं होतं. कडा करवतीच्या, अंग मोठ्यापेक्षाही चपटं. ते त्याच प्रजातीचं असावं असं मला वाटलं, तरी नोंदीत मी ‘बहुधा’ असं लिहिलं. पिल्लावरून ठामपणे बोलायला ते वाढवून बघावं लागतं.

टरफलं

तिसऱ्या फेरीत काकांनी खोडावरच्या एका भेगेच्या काठावर अंड्यांचा पुंजका दाखवला. रिकामा. बाकीचे लोक रिकाम्या टरफलांकडे बघत नाहीत, पण त्या खोडावर काय काय घडून गेलं याचा सगळ्यांत स्पष्ट पुरावा तोच होता.

टरफलं १४ होती. दुर्गंधी ढेकणांत १४ किंवा त्याच्या पटीतले पुंजके वारंवार दिसतात, कारण मादीच्या दोन अंडाशयांत प्रत्येकी सात नळ्या असतात. हॅलिओमॉर्फा हॅलिसचा पुंजका साधारण २८ चा असतो. १४ या आकड्यावरून जात ठरत नाही, पण तो आपल्या संशयिताच्या बाजूनं पडत नव्हता एवढं खरं.

अंडं म्हणजे छोटं पिंप, वर गोल झाकण. नऊ टरफलांची झाकणं स्वच्छ उघडलेली होती, डब्याचं झाकण बिजागरीवर उघडावं तशी, आणि काठाला चिकटून एक काळी, टी अक्षरासारखी चौकट राहिली होती. पिल्लू डोक्यावरच्या त्या चौकटीनं झाकण ढकलतं आणि ती तिथेच टाकून बाहेर येतं. उरलेल्या पाच टरफलांची झाकणं जागच्या जागी होती, पण त्यांच्यात कुरतडलेलं, ओबडधोबड छिद्र होतं आणि टरफलं आतून काळपट झाली होती. ती अंडी ढेकणाच्या कामी आलीच नव्हती. त्यांच्यात एका बारीक परजीवी गांधीलमाशीनं आपली अंडी घातली होती. तिचं पिल्लू आत वाढलं, ढेकणाचं अंडं खाऊन संपवलं आणि झाकण कुरतडून उडून गेलं. हॅलिओमॉर्फा हॅलिसच्या अंड्यांवर अशीच एक माशी, ट्रिसोल्कस जॅपोनिकस, उपजीविका करते आणि त्याच्या मूळ प्रदेशात त्याला आटोक्यात ठेवण्यात तिचा मोठा वाटा आहे.

मी काकांना ती पाच छिद्रं भिंगातून दाखवली. "फवारलं असतं तर ही पण गेली असती," ते म्हणाले. मी काही सांगायच्या आधीच.

आणखी एक गोष्ट त्या टरफलांशी जोडलेली आहे. या कुलातल्या पुष्कळ जातींत अंड्यातून निघालेली पिल्लं पहिले काही दिवस टरफलांभोवतीच घोळका करून बसतात. आईनं अंड्यांवर आपल्या आतड्यातले जिवाणू चोपडून ठेवलेले असतात. पिल्लं ते पिऊन घेतात. त्या जिवाणूंशिवाय अनेक जातींची पिल्लं धड वाढत नाहीत. ब्राझीलच्या जंगलातल्या फ्लोइडी कुलातले सालीवरचे ढेकूण तर त्याहून पुढे जातात, आई पिल्लांना आपल्या पसरट अंगाखाली घेऊन खोडावर बसते. तिच्या अंगावरचे दगडफुलासारखे रंग पिल्लांनाही झाकतात.

फांदी

ती ढेकणांनी वाळली नव्हती. फांदी जिथून फुटते त्याच्या खाली सालीत पेन्सिल जाईल एवढं छिद्र होतं, त्यातून डिंक ओघळला होता आणि बुंध्याशी गवतात लाकडाच्या भुशाची छोटी रास होती. हे काम खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचं. ती आत, लाकडात असते, कुणाला दिसत नाही. ढेकूण बाहेर बसतात, ते दिसले, म्हणून आळ त्यांच्यावर गेला. वरून फवारलेल्या औषधानं आतल्या अळीला काही झालं नसतं. झाडांचं काम जाणणाऱ्या माणसाला बोलावून वाळलेली फांदी कापली, छिद्र साफ करून घेतलं. खाली ताजा भुसा पडतो का, हे काका अजून रोज सकाळी बघतात.

नोंद

माझ्या वहीत या प्रकरणाचा शेवट असा आहे: पेंटाटोमिडी, हॅलिस, जात अनिश्चित. लोकांना हे अपुरं वाटतं. पुतण्यालाही वाटलं. "इतकं पाहूनही नाव अर्धंच?" पण हॅलिसच्या जाती रंगावरून आणि दातांवरून एका मर्यादेपर्यंतच वेगळ्या करता येतात. १९८८ मध्ये घौरी यांनी आशियातल्या हॅलिसच्या मूळ नमुन्यांची फेरतपासणी केली, ती करावी लागली याचंच कारण जुनी नावं एकमेकांत मिसळली होती. नेमकेपणासाठी नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, आणि त्यासाठी किडा मारावा लागतो. या झाडाच्या प्रश्नाचं उत्तर प्रजातीपाशीच मिळालं होतं. पुढे जाण्यासाठी एक जीव घ्यावा एवढी गरज मला दिसली नाही. अर्धं पण खरं नाव पूर्ण पण चुकीच्या नावापेक्षा कामाचं असतं, हे त्या फवाऱ्याच्या टाकीनं आम्हाला दाखवलंच होतं.

नोंदीसोबत कुठले फोटो ठेवले तेही लिहिते, कारण पुढच्या वेळी कुणी असाच किडा पाठवणार असेल तर मला हेच लागतील. वरून एक, खांद्याची कड जवळून एक, मिशा पूर्ण दिसतील असा एक, आणि पारदर्शक झाकणातून पोटाची बाजू, सोंड कुठपर्यंत जाते ते दिसेल असा. शेजारी पट्टी. आडवा उजेड. एवढं असलं तर खोडावरच्या ढेकणाची निम्म्याहून जास्त ओळख घरबसल्या होते.

तीन आठवड्यांनी पाऊस झाला आणि मी पुन्हा गेले. साल भिजून काळी पडली होती. ढेकणांच्या अंगावरून पाणी मात्र थेंब होऊन घरंगळत होतं आणि त्यामुळे ते कोरडेच, फिकट राखाडी राहिले होते. तीन आठवड्यांपूर्वी हातभर अंतरावर न दिसणारे किडे आता चार पावलांवरून दिसत होते. रॉबर्ट सिल्बरग्लीड आणि ॲनेट आयेलो यांनी १९८० मध्ये मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या साल-ढेकणांबद्दल लिहिलं होतं, की त्यांच्या कवचावर पाणी थेंबासारखं थांबत नाही, ते पसरतं, आणि किडा सालीबरोबरच गडद होतो. वाचताना ते मला एक गमतीचं वैशिष्ट्य वाटलं होतं. ओल्या खोडासमोर उभं राहिल्यावर कळलं की ज्याला ते जमत नाही त्याची पावसात किती अडचण होते.

मी मोजायला सुरुवात केली. नऊ झाले.

"अकरा," काका मागून म्हणाले. "दोन त्या फांदीच्या बेचक्यात आहेत, ताई. ते भिजत नाहीत."